‘थांबा जरा’ म्हटल्यावर किती थांबायचं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ज्या शहरात राहतात, तिथे त्यांचा समाज अल्पसंख्य आहे. घरची बोली वेगळी, आईवडिलांचा पेहराव वेगळा, आणि आडनाव ऐकलं की समोरच्याला लगेच ‘कळतं’. गेल्या वर्षी वडिलांना पोटात असह्य दुखू लागलं म्हणून त्यांनी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठला. खिडकीवरून ‘बसा, बोलावतो’ एवढंच सांगण्यात आलं. नंतर आलेले लोक आत जात राहिले. ताई पुन्हा विचारायला गेल्या तेव्हा आतून कुणाचं तरी वाक्य कानावर आलं, ‘ह्या लोकांचा आरडाओरडा नेहमीचाच.’ संध्याकाळी तपासलं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं निघालं. वडील वाचले, पण अजून पूर्ववत झालेले नाहीत. यजमानांचं म्हणणं, ‘गर्दी होती, सगळ्यांनाच थांबावं लागतं. भेदभाव झाला याला पुरावा काय?’ आता आईला दोन आठवड्यांपासून जिना चढताना धाप लागते आहे. तिला मधुमेह आहे. घरच्या ऑक्सिमीटरवर ९५ आकडा येतो, त्यामुळे यजमान निश्चिंत आहेत, आणि आई ‘तिथे आपल्याला कोण विचारतंय’ म्हणून दवाखान्याचं नाव काढू देत नाही. ताईंचे प्रश्न असे: वडिलांच्या वेळी खरंच भेदभाव झाला की मीच हळवी आहे? तक्रार करावी का, आणि केली तर आईच्या उपचारांवर त्याचा राग निघेल का? आईला नेताना चांगले कपडे घालून, आपली बोली न बोलता न्यावं का?

ताई,

तुमच्या पत्रात वडिलांविषयी तीन पानं आहेत आणि आईविषयी चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते. वडिलांच्या बाबतीत व्हायचं ते होऊन गेलंय. आईच्या बाबतीत अजून वेळ हातात आहे.

दोन आठवडे टिकलेली धाप वयावर ढकलून सोडून देऊ नका. अंगात रक्त कमी असेल, फुप्फुसाचं काही असेल, हृदयाचं असेल. पत्रावरून ते कुणालाही सांगता येणार नाही. पण मधुमेह असलेल्या माणसाला, विशेषतः उतारवयातल्या बाईला, हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसती धाप, मळमळ, घाम, किंवा उठवत नाही असा थकवा, एवढंच दिसतं. म्हणून तपासणी याच आठवड्यात करून घ्या. आणि बसल्या जागी धाप लागली, छाती जड झाली, घेरी आली किंवा दरदरून घाम फुटला, तर ठरलेल्या भेटीची वाट न बघता तडक तातडीच्या विभागात जा.

ऑक्सिमीटरवरच्या ९५ वर विसंबू नका. एक तर आराम करताना आकडा चांगला येऊन चालताना घसरू शकतो, आणि हृदयाच्या किंवा रक्ताच्या कित्येक दुखण्यांत तो मुळीच बदलत नाही. दुसरं कारण तुमच्या पत्राच्या विषयाशीच जोडलेलं आहे. हे यंत्र बोटातून प्रकाश पाठवून प्राणवायू मोजतं आणि गडद त्वचेवर ते चुकून जास्त आकडा दाखवू शकतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० साली हे आकड्यांनिशी मांडलं. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्ताची तपासणी केली, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या अशा तपासण्यांपैकी ११.७ टक्क्यांत प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी निघाला. गोऱ्या रुग्णांत हेच प्रमाण ३.६ टक्के होतं. यंत्राच्या मनात कुणाविषयी आकस नसतो, तरीही त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवली की एका गटाला उपचार उशिरा मिळतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण यजमानांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

ते पुरावा मागतात. तुम्हीही नकळत तीच अट मान्य केली आहे, की खिडकीवरच्या माणसाच्या मनात तुमच्याविषयी अढी होती हे सिद्ध झालं तरच तुमचं दुःख खरं. या अटीवर तुम्ही कधीच जिंकणार नाही, कारण दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही. बहुतेक वेळा त्या माणसालाही आपण काय गृहीत धरलं हे ठाऊक नसतं.

कॅनडातल्या विनिपेग शहरातली एक घटना सांगते. ब्रायन सिंक्लेअर हे तिथल्या मूलनिवासी समाजातले गृहस्थ, दोन्ही पाय कापलेले, चाकाच्या खुर्चीत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लघवीची नळी तुंबली म्हणून एका छोट्या दवाखान्याने त्यांना चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवलं. ते पोहोचले, खिडकीपाशी बोलले, प्रतीक्षागृहात जाऊन थांबले. ३४ तासांनी ते मृत असल्याचं लक्षात आलं. मूत्राशयाचा संसर्ग होता, वेळेवर उपचार झाले असते तर बरा होणारा. मधल्या वेळात प्रतीक्षागृहातल्या इतर लोकांनी ‘या माणसाचं काही ठीक दिसत नाही’ असं कर्मचाऱ्यांच्या कानावर घातलं होतं. पुढे चौकशीत साक्षी झाल्या तेव्हा कुणी म्हणालं, मला वाटलं दारू उतरायची वाट बघतोय. कुणी म्हणालं, बेघर असेल, आसऱ्याला आलाय. त्यांना मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. प्रत्येकाने लांबून बघून एक अंदाज बांधला आणि त्या अंदाजामुळे जवळ जाऊन विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

‘गर्दी होती’ आणि ‘भेदभाव झाला’ यांतलं एकच काहीतरी खरं असलं पाहिजे, असं यजमान धरून चालले आहेत. माझं मत वेगळं आहे. गर्दीतच माणूस अंदाजावर काम करतो. वेळ कमी, समोर पन्नास चेहरे, अशा वेळी कोण खरं आजारी आणि कोण उगाच ओरडतंय हे पेहरावावरून, भाषेवरून, आडनावावरून ठरून जातं. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हातापायाची लांब हाडं मोडून आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना वेदनाशामक औषध मिळालंच नव्हतं. इतर गोऱ्या रुग्णांत असे २६ टक्के होते. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये सगळ्यांचं सारखंच दिसतं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली गेली, उदाहरणार्थ ‘काळ्या माणसांची कातडी जाड असते’. निम्म्या जणांनी अशा खोट्या विधानांपैकी निदान एक तरी खरं मानलं, आणि त्यांनीच काळ्या रुग्णाची वेदना कमी मोजली. तुमच्या कानावर पडलेलं ‘ह्या लोकांचा आरडाओरडा नेहमीचाच’ हे वाक्य याच जातीचं आहे. तुम्ही हळव्या नाही. ते वाक्य बोललं गेलं आणि त्यानंतर तुमचे वडील ताटकळत राहिले.

तरीही एक गोष्ट यजमानांच्या बाजूने सांगायला हवी. नंतर आलेले लोक आधी आत गेले, एवढ्यावरून काही ठरत नाही. तातडीच्या विभागात क्रम आल्या वेळेवर नसतो, प्रकृतीच्या गांभीर्यावर असतो, आणि तसाच असायला हवा. पण तो क्रम लावण्यासाठी आधी कुणीतरी प्रशिक्षित माणसाने रुग्णाकडे बघावं लागतं. नाडी, रक्तदाब, ताप, दुखणं कुठे आणि किती, हे विचारून श्रेणी ठरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पाच श्रेणी आहेत. पहिलीत ताबडतोब, दुसरीत १० मिनिटांत, तिसरीत ३० मिनिटांत उपचार सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते. आणि ताटकळलेल्या रुग्णाचं दुखणं वाढलं तर त्याला पुन्हा तपासून श्रेणी बदलायची असते. तुमच्या पत्रानुसार वडिलांना संध्याकाळपर्यंत कुणी हातही लावला नव्हता. हे सांगायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. घड्याळ आणि केसपेपर पुरेसे आहेत. यजमानांशी वाद घालताना भेदभावाचा पुरावा शोधत बसू नका. त्यांना एवढंच विचारा: बाबांना पहिल्यांदा कुणी तपासलं, किती वाजता, आणि दुखणं वाढतंय असं सांगितल्यावर पुन्हा कुणी बघितलं का?

आता आईचा नकार. तुम्ही लिहिता, ‘ती ऐकतच नाही, जुन्या विचारांची आहे.’ मला तसं वाटत नाही. तिने आपल्या नवऱ्याला त्या बाकावर पोट धरून बसलेलं पाहिलं आहे. बाळंतपणात बायका का दगावतात याचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली उशिराचे तीन टप्पे सांगितले: घरी निर्णय घेण्यातला उशीर, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. दोष बहुतेकदा पहिल्या टप्प्याला दिला जातो. लोक अडाणी आहेत, वेळेवर येत नाहीत, असं म्हणून विषय संपतो. पण तिथे गेल्यावर काय वाट्याला येतं हे ज्याने एकदा अनुभवलं, तो पुढच्या वेळी घरीच थांबतो. तिसऱ्या टप्प्यावरचा उशीर असा पहिल्या टप्प्यावर येऊन बसतो. आणि मग अंगावर दुखणं काढून आलेल्या त्याच माणसाला विचारलं जातं, ‘इतके दिवस काय करत होतात?’ या प्रश्नाने माझा जीव जळतो, कारण तो विचारणाऱ्याला स्वतःचा त्या उशिरातला वाटा दिसत नाही.

तेव्हा आईशी ‘डॉक्टर चांगले असतात गं’ असा वाद घालू नका. तिची भीती खोटी नाही हे आधी मान्य करा, तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत. मग या खेपेला काय वेगळं असेल ते सांगा. एक, आपण तातडीच्या विभागात रांगेत जाणार नाही, आधी वेळ ठरवून जाऊ, आणि शक्य असेल तर ओळखीतल्या कुणाला चांगला अनुभव आलेल्या डॉक्टरकडे जाऊ. दोन, मी पूर्ण वेळ तुझ्याजवळ असेन. तीन, तुला कुणी तोडून बोललं तर उत्तर मी देईन, तुला काही बोलावं लागणार नाही. आईला तुमच्यापेक्षा तिच्या बहिणीचं किंवा मैत्रिणीचं पटत असेल तर त्यांनाही सोबत घ्या.

कपड्यांच्या आणि बोलीच्या प्रश्नावर मी तुम्हाला स्वाभिमानाचं भाषण देणार नाही. त्या दिवशी आईला लवकर बघितलं जावं म्हणून तुम्ही इस्त्रीचे कपडे घातलेत, तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्यावर फार भरवसा ठेवू नका. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ साली शंभराहून जास्त अभ्यास तपासून असं नोंदवलं, की उत्पन्न आणि विमा सारखा धरला तरी अल्पसंख्य समाजांना मिळणाऱ्या उपचारांतला फरक उरतोच. टेनिसपटू सेरेना विल्यम्सने २०१७ मधल्या आपल्या बाळंतपणाची हकीकत स्वतःच सांगितली आहे. तिला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या. प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा तिने परिचारिकेला सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध द्या. परिचारिकेला वाटलं, वेदनाशामकामुळे बाई गोंधळली आहे. पुढे स्कॅन झाला तेव्हा गुठळ्या निघाल्याच. पैसा, प्रसिद्धी सगळं असूनही तिचं पहिलं सांगणं ऐकलं गेलं नाही. यातून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे तिने मागणी नेमकी केली आणि सोडली नाही.

आईला मात्र ‘आपल्या बोलीत बोलू नकोस’ असं सांगू नका. परक्या भाषेत ती ‘बरं आहे’ एवढंच म्हणेल आणि धापेचं राहून जाईल. रुग्णालयात दुभाषा मिळतो का, हे वेळ घेतानाच विचारा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलांच्या तातडीच्या विभागांत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतरात होणाऱ्या चुकांपैकी रुग्णाला अपाय होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण प्रशिक्षित दुभाष्यासोबत १२ टक्के होतं, आणि नातेवाईक किंवा हाताशी असलेलं कुणीही भाषांतर करत असताना २२ टक्के. दुभाषा मिळाला नाही आणि ते काम तुमच्यावर आलं, तर आईचं म्हणणं जसंच्या तसं सांगा. स्वतःचा अंदाज सांगायचा असेल तर ‘हे माझं मत’ असं म्हणून वेगळा सांगा. लहान मुलांना या कामाला अजिबात जुंपू नका.

निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या भाषेत एक पान लिहून घ्या: त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, आधीचे आजार, चालू औषधं मात्रेसह. ‘खूप त्रास होतो’ असं लिहिण्यापेक्षा ‘महिन्यापूर्वी दोन मजले न थांबता चढायची, आता अर्ध्या जिन्यात बसते’ असं लिहा. अशी तुलना कुणाला सहज उडवून लावता येत नाही.

आणि तातडीच्या विभागातच जायची वेळ आली, आणि पुन्हा ‘बसा’ म्हणाले, तर? आवाज न चढवता, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा: ‘आईला कोणत्या श्रेणीत ठेवलंय? पुन्हा किती वाजता बघणार?’ धाप किंवा छातीत जडपणा असेल तर, ‘मधुमेह आहे, धाप आहे, ईसीजी काढला का?’ हृदयविकाराची शंका असलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत व्हावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, त्यामुळे ही मागणी आगाऊपणाची नाही. नकार मिळाला तर म्हणा, ‘ठीक आहे, ही तपासणी गरजेची नाही असं केसपेपरवर लिहून द्या.’ तरीही काही हललं नाही तर त्या पाळीतले वरिष्ठ डॉक्टर कोण हे विचारून त्यांना भेटा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून ‘रायन्स रूल’ आहे, इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने आला. आपल्या माणसाची तब्येत बिघडतेय आणि कुणी ऐकत नाही असं वाटलं, तर कुटुंबाला थेट दुसऱ्या पथकाला बोलावता येतं. दोन्ही नियमांना अशा मुलांची नावं दिलेली आहेत, ज्यांच्या आईवडिलांचं ऐकलं गेलं नव्हतं. तुमच्याकडे असा नियम नसला तरी ‘दुसऱ्या डॉक्टरांनी बघावं अशी आमची विनंती आहे’ हे वाक्य कुठेही चालतं.

आवाज चढवू नका असं मी म्हणते तेव्हा त्यातला अन्याय मला दिसतो. दुसऱ्या कुणाचा संताप ‘काळजीपोटी’ समजला जातो आणि तुमचा ‘ह्या लोकांचा’. पण त्या तासाला आईचा ईसीजी महत्त्वाचा. संतापाला जागा आहे, ती तक्रारीत.

तक्रार कराच, असं मी सांगणार नाही. आईला त्याच रुग्णालयात जावं लागणार असेल तर तुमची धास्ती मला समजते. दुसरा पर्याय असेल तर आईची तपासणी तिथे करा आणि तक्रार निर्धास्तपणे द्या. नसेल तर आधी आईचं निदान होऊ द्या. तोवर एखाद्या समजूतदार वरिष्ठाची भेट मागून तोंडी बोलण्याचा मार्गही आहे. काही जणांना त्यातूनच पुरेसं समाधान मिळतं. पण तोंडी बोलण्याची नोंद कुठे राहत नाही, आणि नोंद नसली की पुढच्या माणसाच्या तक्रारीला ‘असं इथे कधी झालंच नाही’ हे उत्तर मिळतं. म्हणून माझा कल लेखी तक्रारीकडे आहे, उशिरा का होईना.

लिहाल तेव्हा वेळा लिहा. नोंदणी किती वाजता, पहिली तपासणी किती वाजता, तुम्ही पुन्हा विचारायला गेलात ते किती वाजता, शस्त्रक्रिया किती वाजता. कानावर आलेलं वाक्य अवतरणात, एकदाच, त्यावर भाष्य न करता. शेवटी त्यांना उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न: वडिलांची श्रेणी कुणी ठरवली? पुनर्तपासणी का झाली नाही? आमची भाषा न बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला आमच्या वेदना कशा कळाव्यात अशी व्यवस्था काय आहे? ‘तुम्ही भेदभाव केलात’ असं लिहिलंत तर ‘आम्ही सर्वांना समान वागवतो’ असं एका ओळीचं उत्तर येईल. वेळांचा हिशेब मागितला तर त्यांना कागद उघडावे लागतील.

हे सदर वाचणाऱ्यांत रुग्णालयांत काम करणारेही आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना एकच विनंती: तुमच्या विभागात कोण किती वेळ थांबलं याची नोंद भाषेप्रमाणे, समाजाप्रमाणे वेगळी काढून बघा. असा आकडा काढल्याशिवाय ‘आमच्याकडे फरक होत नाही’ असं कुणालाही खात्रीने म्हणता येणार नाही.

ताई, तक्रारीचं काय ते सावकाश ठरवा, पण वडिलांच्या केसपेपरची, तपासण्यांची आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागणारा अर्ज याच आठवड्यात द्या आणि त्याची पोच घ्या. जुने कागद हाती लागणं दिवसेंदिवस अवघड होत जातं, आणि प्रत मागणं म्हणजे तक्रार नव्हे. बाबांच्या पुढच्या उपचारांसाठीही ती लागणारच आहे. मात्र त्याआधी आईची वेळ ठरवा.